दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या घरानं मिळून ‘होम अलोन’ कसा पाहावा

सिनेमा लावायचा दिवस आधी ठरवा. लक्ष्मीपूजनाला नको, पाडव्याला नको, भाऊबीजेला तर नकोच; त्या दिवशी अर्धं घर ओवाळण्यात आणि अर्धं स्वयंपाकात गुंतलेलं असतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ सगळ्यात चांगली. माहेरवाशिणी आलेल्या असतात, फराळाचे डबे अजून भरलेले असतात आणि परतीच्या बॅगा बाहेर निघालेल्या नसतात. आमच्या सोलापूरच्या घरी आलेली पुण्याची मंडळी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं परत जातात. गाडीच्या आदल्या रात्री कुणाचा चार्जर सापडत नाही, कुणाला शेंगाचटणी बांधून हवी असते, कुणाचा तिकिटावरून वाद चाललेला असतो. ती रात्र टाळा. या सिनेमातला सगळा घोटाळा प्रवासाच्या आदल्या रात्रीच होतो, आणि तो नीट बघायचा तर आपण स्वतः त्या घाईत नसावं.

‘होम अलोन’ हा १९९० सालचा अमेरिकी सिनेमा. लिहिला जॉन ह्यूज यांनी, दिग्दर्शन ख्रिस कोलंबस यांचं. शिकागोजवळ राहणारं एक मोठं कुटुंब नाताळच्या सुट्टीत विमानानं पॅरिसला निघतं आणि आठ वर्षांचा केविन घरातच राहून जातो; त्या घरावर दोन चोरांचा डोळा असतो. लांबी पावणेदोन तासांच्या आतच. चोरांच्या फजितीसाठी मुलं बसतातच, त्यांना बोलवावं लागत नाही. मी मात्र हा सिनेमा मोठ्यांना बसवून दाखवते, कारण माझ्या मते तो चोरांचा नाहीच. भरल्या घरात मोजायचं कोण राहून जातं, त्याचा आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि सणाला आमच्या घरी वीस-पंचवीस माणसं जमतात. दोन्हीकडे मला हेच दिसत आलं की गर्दीत सगळ्यात आधी सुटतं ते गप्प बसलेलं मूल, नाहीतर ओरडलं म्हणून गप्प बसवलेलं मूल. हा सिनेमा त्या मुलाकडे बघायला शिकवतो. त्यासाठी तो थोडा थांबून-थांबून बघावा लागतो.

बसायची व्यवस्था

जमिनीवर सोलापुरी चादरी अंथरा, पोरं पुढं, मोठी मागं, आजी-आजोबा खुर्चीत. सगळ्यांचे मोबाईल एका परातीत गोळा करून देवघरासमोर ठेवा. चहा आधीच करून थर्मासमध्ये भरा. भाजलेल्या शेंगा आणि चुरमुऱ्याचा चिवडा मोठ्या पातेल्यात मधोमध ठेवला की वाढायला कुणी लागत नाही. आणि सिनेमा सुरू करण्याआधी घरातल्या एखाद्या पुरुषमाणसानं मोठ्यानं सांगावं की सिनेमा संपेपर्यंत घरातली एकही बाई उठणार नाही. हे मी मुद्दाम पुरुषानं सांगावं म्हणते. बाईनं सांगितलं तर पाचव्या मिनिटाला कुणीतरी पाणी मागतंच.

इंग्रजी न कळणारं माणूस घरात असेल तर त्याच्याशेजारी आठवी-नववीतलं एक पोर बसवा आणि त्याला सांगायचं काम द्या. आमच्या सासूबाईंना इंग्रजीतलं अक्षर कळत नाही. पुतणी त्यांच्या कानाशी लागून सांगत बसते. दोघी मिळून सिनेमा सगळ्यांपेक्षा जास्त बघतात, कारण सांगायचं म्हटलं की पुतणीला नीट बघावं लागतं आणि आजींचे प्रश्न असे असतात की बाकीच्यांना सुचतच नाहीत. सिनेमातल्या घरात प्रवासाला निघालेली पंधरा माणसं आहेत, चार मोठी आणि अकरा पोरं. ते ऐकून सासूबाई म्हणाल्या, “आणि म्हातारं माणूस एक बी न्हाई? मग इसरतीलच की. म्हातारी असती तर गाडीत बसायच्या आधी ‘धाकटा कुठंय’ म्हणून चार डाव इचारली असती.” मी इतक्या वेळा हा सिनेमा पाहिला, पण त्या घरात आजी नाही हे मला तोवर दिसलं नव्हतं.

कुठं थांबवायचा

रिमोट एकाच माणसाच्या हातात द्या. थांबायच्या जागा तीन-चारच ठेवा. दर पाच मिनिटांनी थांबवून शिकवणी घेतली तर मुलं उठून अंगणात जातील, आणि बरोबरच करतील.

पहिली जागा पिझ्झाची. घरात गोंधळ आहे, दहा पिझ्झा आलेत. केविन फक्त साधा चीजचा पिझ्झा खातो, आणि तो नेमका संपलेला असतो. थोरला भाऊ बझ त्याला चिडवतो, केविन अंगावर धावून जातो, दूध सांडतं, काका सगळ्यांदेखत त्याला टाकून बोलतात आणि सगळं घर त्याच्याकडे बघत राहतं. त्या चेहऱ्यांवर चित्र थांबवा. मग मुलांना विचारा, मोठ्यांना नाही: “इथं कुणी काय विचारायला हवं होतं?” उत्तर लगेच येणार नाही, थांबा. आमच्या घरातला सगळ्यात धाकटा पुतण्या बऱ्याच वेळानं म्हणाला, “त्याचा पिझ्झा कुणी खाल्ला ते कुणी इचारलंच नाही की.” त्यावर मोठ्यांनी काही बोलू नये. “हो, नाही विचारलं,” एवढंच म्हणून पुढं चालू करा.

याच प्रसंगात एक गोष्ट आहे, ती मागं नेऊन पुन्हा दाखवा. सांडलेलं दूध पुसताना बाबा ओले कागद गोळा करून कचऱ्यात टाकतात आणि त्यांच्यासोबत केविनचं तिकीटही जातं. पहिल्यांदा बघताना हे कुणाच्याच लक्षात येत नाही. तिकीटच गेल्यामुळे दुसऱ्या दिवशी विमानतळावर एक तिकीट शिल्लक उरत नाही आणि कुणाला शंका येत नाही. रात्री वाऱ्यानं वीज जाते, घड्याळाचा गजर होत नाही, सगळे धावतपळत निघतात. या सगळ्यावर खापर फोडता येतं. पण पोरगं हिशेबातून गेलं ते आदल्या रात्री, त्याला रागानं वरच्या माळ्यावर झोपायला पाठवलं तेव्हा.

दुसरी जागा मोजणीची. सकाळी गाड्यांपाशी चुलत बहीण डोकी मोजते. नेमका तेव्हा शेजारचा एक मुलगा सामानात डोकावत, पाठ करून उभा असतो. ती त्यालाही मोजते आणि आकडा बरोबर येतो. इथं मी मुलांना एवढंच सांगते की शाळेत हजेरी नाव घेऊन का घेतात ते बघा. पुढं आई पॅरिसहून फोन करते, पोलीस येऊन दार वाजवतो, आत कुणी दिसत नाही, आणि तो कळवतो की त्यांना पोरं पुन्हा मोजायला सांगा. या वाक्यावर आमच्याकडे सगळे हसतात. हसू द्या.

मधला भाग न थांबवता जाऊ द्या. केविन एकटा बाजारात जातो, सामान आणतो, कपडे धुतो, तळघरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीला घाबरतो आणि एक दिवस तिच्यावर ओरडून भीती घालवतो. यातली एक गोष्ट मात्र आठवणीत ठेवायला सांगा. दुकानातली बाई विचारते, आई कुठं आहे, राहतोस कुठं. तो एकटा असल्याचं सांगत नाही, आणि पत्ता तर अजिबात सांगत नाही, कारण ती अनोळखी आहे. लहान मुलांच्या घरात ही गोष्ट सोन्याची आहे. सिनेमा संपल्यावर मुलांकडून ती पाठ करून घ्या आणि फ्रीजवर मोठ्या अक्षरात ११२ आणि १०९८ हे दोन नंबर लिहून लावा. पहिला कुठल्याही संकटासाठी, दुसरा मुलांच्या मदतीचा.

तिसरी जागा चर्चची, आणि इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. केविनच्या शेजारी मार्ले नावाचे एक म्हातारे गृहस्थ राहतात. रात्री फावड्यानं बर्फ सारतात, कुणाशी बोलत नाहीत. मुलांनी त्यांच्याबद्दल खुनाच्या गोष्टी रचलेल्या आहेत. नाताळच्या आदल्या संध्याकाळी केविन चर्चमध्ये बसलेला असताना ते त्याच्याशेजारी येऊन बसतात. समोर मुलं गात आहेत, त्यांत त्यांची नात आहे. मुलाशी अनेक वर्षांपूर्वी भांडण झालं, दोघं रागात वाट्टेल ते बोलले, तेव्हापासून बोलणं बंद. नातीचं गाणं ऐकायला आजोबांना असं गुपचूप यावं लागतं. केविन सरळ विचारतो की मग फोन का करत नाही. ते म्हणतात, भीती वाटते, तो बोललाच नाही तर? केविन म्हणतो, निदान कळेल तरी, मग भ्यायचं कारण उरणार नाही. तळघराचा दिवा लावून बघितल्यावर त्याची स्वतःची भीती गेलेली असते, म्हणून तो हे बोलू शकतो.

इथं चित्र थांबवू नका. संवाद पूर्ण होऊ द्या आणि मग थांबवा. काही विचारूही नका. पातेलं एकदा सगळ्यांत फिरवा. जे बोलायचं ते कुणीतरी आपणहून बोलतं. आमच्याकडे धाकटे दीर हळूच उठून ओट्यावर जाऊन बसले होते. त्यांचं पुढं सांगते.

सापळ्यांचं काय करायचं

शेवटच्या भागात केविन चोरांसाठी सापळे लावतो: तापवलेली दाराची मूठ, जिन्यावरून सोडलेले रंगाचे डबे, पायाखाली खिळा, वरून पडणारी इस्त्री. मुलं लोळून हसतात. पण सहा-सात वर्षांच्या पोराला हे खरं वाटतं, म्हणून सिनेमा सुरू व्हायच्या आधीच सांगा की पडणारी माणसं पडायचं शिकलेली असतात आणि खऱ्या माणसाला त्यातली एक इस्त्री लागली तर दवाखान्यात न्यावं लागेल. दुसऱ्या दिवशी कोरे कागद द्या आणि स्वतःच्या घराचा नकाशा काढून त्यावर सापळे काढायला लावा. कागदावर हवं ते करू द्या. आमच्या पोरांनी जिन्याखालच्या चादरींच्या गठ्ठ्यांत चोर अडकवला होता, आणि त्या नादात घरातलं मीटर कुठं, गॅसचं बटण कुठं, मागचं दार कुठल्या कडीनं बंद होतं, हे सगळं त्यांना कळलं.

आई का पळते, हे मोठ्यांनी बोलावं

विमानात आईला अचानक आठवतं आणि ती केविनच्या नावानं ओरडते. तिथून तिचा उलटा प्रवास सुरू होतो. तिकिटासाठी ती अंगावरचे दागिनेसुद्धा देते, मिळेल त्या विमानानं येते, वाटेत अडकते, आणि शेवटचा टप्पा पोल्का नावाचं नाचाचं संगीत वाजवणाऱ्या वादकांच्या भाड्याच्या गाडीतून करते. त्यांचा म्होरक्या गस तिला धीर देतो. बाकीचं कुटुंब पॅरिसमध्ये पुढच्या विमानाची वाट बघतं आणि आईच्या पाठोपाठ काही मिनिटांतच घरी पोचतं.

यावर आमच्याकडे जोरदार वाद होतो, आणि तो व्हावा असं मला वाटतं. मोठे दीर म्हणतात, थांबली असती तरी त्याच वेळेला पोचली असती, उगीच दागिने गेले. थोरल्या जाऊबाई म्हणतात, पोरगं एकटं आहे हे कळल्यावर जिला थांबता येतं ती आई कसली. माझं मत जाऊबाईंच्या बाजूचं आहे, पण मला पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: बाबा का नाही निघाले? ते सज्जन आहेत, काळजीत आहेत, पण पॅरिसमध्येच आहेत. हा प्रश्न घरातल्या पुरुषांना सगळ्यांसमोर, भांडणाचा सूर न लावता विचारा. आमच्याकडे त्यावर बराच वेळ चर्चा झाली आणि पुण्याच्या दिरांनी पोरीच्या शाळेतला पालकसभेचा फोन नंबर बायकोचा होता तो बदलून दोघांचा करून घेतला.

शेवटच्या सकाळी आई दारात येते. केविन समोर येतो, तिच्याकडे बघत उभा राहतो. आई आधी माफी मागते. मग तो हसतो. हा क्रम मुलांपेक्षा मोठ्यांना दाखवा. आपल्याकडे मोठ्यांनी लहानांची माफी मागायची पद्धत नाही. चूक कळली की आई गुपचूप आवडीचं खायला करते, वडील खेळणं आणतात. मुलाला ते गोड लागतं, पण आपलं बरोबर होतं की चूक हे त्याला कळत नाही. माफी मागायची तर खाली बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन मागा. काय केलं ते नेमकं सांगा: “काल सगळ्यांसमोर तुला बावळट म्हणालो, ते चुकलं.” त्यापुढं “पण तूसुद्धा” जोडू नका. आणि ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोरच मागा.

दुसऱ्या दिवशी: खरं काम द्या

केविनला घर सांभाळता येतं हे त्याच्या घरातल्या कुणालाच माहीत नव्हतं. भावंडांनी तर त्याला स्वतःची बॅगही भरता येत नाही म्हणून हिणवलेलं असतं. त्याला कुणी काही करूच दिलेलं नव्हतं. सुट्टीत मुलाला एक खरं काम द्या, ज्यावर घरचं जेवण अवलंबून असेल असं. दहा वर्षांच्या दोघांना जोडीनं लक्ष्मी मंडईत पाठवा: कोथिंबीर, लिंबं, वांगी, पैसे मोजून. मागून मोठं माणूस लांबून गेलं तरी चालेल, पण बोलायचं नाही. वांगी किडकी आली तर किडकी कापून टाका आणि उरलेल्याची भाजी करा. जेवताना भाजी कुणी आणली ते पंगतीत सांगा. एवढं पुरतं.

शेजारचं दार

सिनेमातल्या मार्लेंसारखं एखादं घर आपल्याही गल्लीत असतं. आमच्या बोळात टोकाला एक तेलुगू आजोबा राहतात. पूर्वी गिरणीत जेकार्डच्या, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर होते, गिरणी बंद झाली, बायको गेली, मुलगा परगावी. चेंडू त्यांच्या पडवीत गेला की पोरं परत आणायला जात नाहीत. “लय डेंजर हाय बे ते, काठी फेकून मारतंय,” असं एकमेकांना सांगतात. काठी त्यांनी कधी कुणावर फेकलेली मी पाहिली नाही.

अशा दारात जायची रीत सांगते. पहिल्यांदा मोठ्यानं एकट्यानं जावं आणि “उद्या पोरांना घेऊन फराळ द्यायला आले तर चालेल का?” असं विचारावं. माणूस बरीच वर्षं एकटं असेल तर त्याला तयारीला एक दिवस लागतो. तो सदरा बदलतो, खुर्ची पुसतो. दुसऱ्या दिवशी ताट मुलाच्या हातात द्या. ताटात आपल्याकडचं उरलंसुरलं नको. चकली, शंकरपाळी, बेसनाचे लाडू आणि दात नसतील तर मऊ शेंगापोळी. हाक त्यांच्या घरच्या पद्धतीनं मारा. आमची पोरं त्यांना ‘ताता’ म्हणाली, तशी त्यांनी मान वर केली.

एकटे का राहता, मुलगा येत नाही का, असं विचारू नका. मार्लेंनी आपलं दुःख केविनला स्वतःहून सांगितलं होतं, त्यानं उकरून काढलं नव्हतं. कामाबद्दल विचारा. म्हाताऱ्या माणसाला आपल्या कामाबद्दल विचारणारं कुणी भेटत नाही. माझ्या पुतण्यानं विचारलं, “ताता, चादरीवर मोर कसा येतोय?” ते आत गेले आणि दोऱ्यानं शिवलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची एक माळ घेऊन आले. कडा मळकट, मधे ओळीनं भोकं. एक पट्टी त्यांनी उजेडाकडे धरली आणि भोकांतून पोराच्या तळहातावर पडलेले ठिपके दाखवले. भोक असेल तिथला दोरा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. मग त्यामधून धोटा जातो. एका पट्टीची एक ओळ. मोराची मान वळवायला किती पट्ट्या लागतात ते ते बोटांवर मोजायला लागले आणि पोरं पुढं सरकली. पुतण्या घरी आल्यावर अंथरुणातली चादर उलटी करून बराच वेळ दोरे बघत बसला होता.

पाच-दहा मिनिटांत उठा. पहिल्या भेटीत जास्त बसू नका. रिकामं ताट लगेच मागू नका. ते परत द्यायला त्यांना येऊ द्या. ताता ताट घेऊन आले तेव्हा त्यात चार केळी होती. आणि नंतर एकदा त्यांनीच पुतणीला बोलावून मुलाचा नंबर लावून मागितला. पुतणी फोन हातात देऊन बाहेर आली. आत काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

पहिला फोन

आता आपल्या स्वतःच्या घराकडे या. सिनेमानंतरच्या दिवसांत एक कागद घ्या आणि दिवाळीला ज्यांचा फोन आला नाही, ज्यांना आपण केला नाही, अशांची नावं लिहा. प्रत्येक घरात एक-दोन नावं अशी निघतात की ती लिहिताना पेन अडतं. वाटणीचं भांडण, लग्नात मानपान चुकला, उसने पैसे. त्यातलं एकच नाव निवडा. सगळी एकदम नकोत.

दुपारच्या झोपेनंतर चहाच्या वेळेला फोन करा. सकाळी माणूस घाईत असतो आणि रात्री थकलेला. रात्रीच्या फोननं तर काळजाचा ठोकाच चुकतो. शेजारी कुणाला उभं करू नका, स्पीकर लावू नका. पहिलं वाक्य आधी ठरवून ठेवा आणि ते साधं ठेवा: “दादा, मी बोलतोय. दिवाळी झाली का? सगळी बरी आहात ना?” कोण चुकलं, कुणी आधी करायला हवा होता, हे पहिल्या फोनमध्ये काढू नका. समोरच्यानं काढलं तर ऐका, उत्तर देऊ नका. तीन-चार मिनिटांत ठेवा.

ओट्यावर जाऊन बसलेल्या आमच्या धाकट्या दिरांनी अक्कलकोट तालुक्यातल्या चुलतभावाला असा फोन केला. घराच्या वाटणीवरून दोघं कित्येक वर्षं एकमेकांच्या उंबऱ्याला गेले नव्हते. फोन भावजयीनं उचलला. पावसाचं झालं, यंदा तूर कशी आहे ते झालं, पोरांची शाळा झाली. वाटणीचा शब्द कुणी काढला नाही. दीर फोन ठेवून आत आले आणि म्हणाले, “तुरीला यंदा फुलोरा चांगला हाय म्हणे.” जाऊबाईंनी त्यांना अजून एक कप चहा दिला.

फोन उचलला नाही तर त्याच दिवशी पुन्हा लावू नका. दिवाळीच्या शुभेच्छांचे दोन शब्द पाठवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर संक्रांतीच्या दिवशी बारीक खूण करून ठेवा. तिळगुळाच्या निमित्तानं पुन्हा करता येतो. समोरून तोडून बोललं तर वाईट वाटेल, पण केविन म्हणतो तसं निदान कळेल. इतकी वर्षं मनातल्या मनात आपण त्या माणसाशी जे भांडत असतो, ते तरी थांबतं. मुलं हे सगळं बघत असतात, हेही लक्षात असू द्या.

गड्ड्याला मोजणी कशी करायची

दिवाळीनंतर घर पुन्हा भरतं ते संक्रांतीला, सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेला. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची वाट, सम्मती कट्ट्यावरच्या अक्षता, आणि होम मैदानावर गड्ड्याची, म्हणजे या यात्रेतल्या जत्रेची गर्दी. पाळण्यांच्या आवाजात हाक ऐकू जात नाही आणि यात्रेच्या पांढऱ्या पोशाखात, बाराबंदीत, पाठमोरी सगळी पोरं सारखीच दिसतात. इथं डोकी मोजणारा हमखास फसतो.

म्हणून आमच्याकडे आता नावानं मोजतात, आणि चेहरा बघितल्याशिवाय नाव पुरं धरत नाहीत. घरातून निघताना जोड्या लावा: एक मोठं, एक लहान. जोडी संक्रांतीआधीच ठरवा, म्हणजे रुसवेफुगवे घरीच होतात. रस्ता ओलांडताना, पाळण्यातून उतरल्यावर आणि परत निघताना प्रत्येक मोठ्यानं आपल्या जोडीदाराचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि लहानानं तोंड वर करून ‘ओ’ द्यायची. शेजारपाजारची पोरं सोबत येणार असतील तर त्यांनाही जोडी द्या; नुसती सोबत येऊ देऊ नका. लहानांच्या खिशात घरातल्या दोघांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, ती नाव-पत्त्याशिवाय, फक्त नंबरांची. चुकामूक झाली तर धावत शोधायचं नाही, आहे तिथंच उभं राहायचं आणि जवळच्या पोलिसाला सांगायचं, हे मुलांकडून दोनदा वदवून घ्या.

आणि जमायची एक जागा गर्दीत शिरायच्या आधी सगळ्यांना प्रत्यक्ष नेऊन दाखवा. तिथं एक घडीची खुर्ची टाकून सासूबाई बसतात. यादी त्यांच्याकडे असते, पण त्या ती बघत नाहीत.